बैठक प्रमोदच्या फ्रीजपाशी

माझ्या दुकानात काउंटरखाली पत्र्याचा एक डबा आहे. उरलेसुरले नट, बोल्ट, वायसर त्यात जातात. मुद्दाम कोणी भरत नाही, पण दोन महिन्यांनी उचलायला जावं तर कंबर मोडते! आमच्या जीपवाल्या ग्रुपचे किस्से तसेच साठलेत. कोणी ठरवून केले नाहीत. पण चारचौघांत बसून एक काढायला जावं, तर त्याच्या आट्यांत अडकून दुसरा बाहेर येतो.

आधीच सांगून ठेवतो, यातल्या निम्म्या किश्श्यांत मी जळताना दिसेन. जळलोच होतो. खोटं कायले बोलू?

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी दिलीप, बाभुळगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. प्रमोद, केळापूरकडचा कापूस-तूरवाला शेतकरी, कॉलेजात मला एक वर्ष ज्युनिअर, म्हणून अजून 'दिलीपभाऊ' म्हणतो. राठोड सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि शाळेबाहेरही थांबत नाहीत. आणि रफिकभाई, यवतमाळात गाड्यांचं वायरिंग करतात. वयानं मोठे, बोलायला कमी. सुट्टी आली की जीप काढायची, नाले तुडवत कुठंतरी नदीकाठी नाहीतर कोणाच्या शेतात जायचं, ताडपत्री बांधायची, चूल मांडायची, दुसऱ्या दिवशी परत. माझी बायको माधुरी दरवेळी सोबत येते. मला एकट्याला सोडलं की मी भांडून येतो, असं तिचं मत आहे.

*

पहिल्या मुक्कामाला चौघांत मिळून जीप एकच होती. माझी! हे लक्षात ठेवा, पुढं कामात येईल.

आमची समजूत अशी की, जीपला बॅटरी आहे म्हणजे आपल्याला लाईट आहे. पैनगंगेच्या काठावर जीपच्या बॅटरीला एक पिवळा बल्ब जोडला, टेप जोडला, प्रमोदचा मोबाईल जोडला. गाणी झाली, मटण झालं. सकाळी चावी फिरवली तर जीप नुसती 'टक' म्हणाली. दुसऱ्यांदा फिरवली तर तेवढंही म्हणाली नाही!

धक्का मारावा तर खाली काळी माती, वरून पहाटे पाऊस पडून गेलेला. चाक एक वीत पुढं, आमचे पाय दोन वीत मागं. शेवटी शेजारच्या शेतातले आत्रामबाबा बैलजोडी घेऊन आले. बैलांनी जीप ओढत उतारावर नेली, तिथून ती गिअरमध्ये टाकून कशीबशी चालू झाली.

बाबांनी बिडी काढली आणि विचारलं, "चालू कायनं होते हे?"

"बॅटरीनं, बाबा."

"अन् रातचा लाईट?"

"त्याच बॅटरीनं."

बाबा आमच्या चौघांकडं आळीपाळीनं पाहत राहिले. त्यात एक विज्ञानाचे सर होते, एक वायरिंगवाले होते. "एकाच बैलाले वखरालेबी जुपता अन् बैलबंडीलेबी? मंग तो बसन नाही तं काय करन! जोडी काहून नाही ठेवत बाप्पा?"

रफिकभाई त्या दिवशी यवतमाळपर्यंत बाहेर तोंड करून बसले. मात्र तेव्हापासून आमच्यात गाडीच्या दुसऱ्या बॅटरीला 'जोडी' म्हणतात. एक बॅटरी गाडी चालू करायला, दुसरी मुक्कामाला. मध्ये रिले. इंजिन चालू असलं की दोघी चार्ज होतात, बंद झालं की आपापल्या दावणीला.

*

पुढं प्रमोदनं आणि सरांनीही जीपा घेतल्या. पण जोडी पहिली कोणाच्या जीपमध्ये बसली? माझ्या!

रफिकभाईंनी ट्रॅक्टरची बॅटरी बसवून दिली. उचलायला दोन माणसं लागायची. पण बल्ब असा लागायचा की नदीपलीकडून लोक विचारायला यायचे, लग्न आहे का म्हणून.

तेव्हा आमच्यात एक रीतच पडून गेली. ज्याच्या जोडीवर लाईट, त्याच्या गाडीपाशी बैठक. ज्याच्या गाडीपाशी बैठक, त्याला हाताची खुर्ची, पहिला चहा आणि रश्श्यातली नळी. बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं. मी सलग कितीतरी मुक्काम त्या खुर्चीवर बसलो. प्रमोद स्वतः चहा आणून द्यायचा. म्हणायचा, "घे भाऊ, मान तुहा आहे."

ते दिवस आठवले की अजून छाती फुगते, आणि नंतरचे आठवले की पोटात दुखते.

*

राठोड सरांनाही मग जोडी हवी झाली. पण रफिकभाईंचं ऐकतील तर ते सर कसले!

त्यांनी कागदावर गणित मांडलं. बल्ब इतके वॅट, पंखा इतके वॅट, गुणिले तास, भागिले बारा. उत्तर आलं, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. ती उंच, पाण्याची, अंगानं बुजगावण्याएवढी बॅटरी त्यांनी मागच्या सीटला लागून उभी केली आणि दोरीनं बांधली.

रफिकभाई म्हणाले, "सर, ही घरात उभी राहनारी आहे. नाल्यात नाही."

"रफिकभाई, गणित चुकत नसतं."

गणित चुकलं नाही. नाल्यात जीप कलली, आणि बॅटरीचं पाणी झाकणातून हळूहळू सीटवर आलं. सीटवर सर! त्यांना वाटलं पाण्याची बाटली सांडली. घरी गेले, पॅन्ट वाळत टाकली, वाळली, इस्त्री केली. सोमवारी तीच घालून शाळेत.

अॅसिड सावकाश काम करतं. शनिवारची ओल सोमवारच्या प्रार्थनेला फळली, पॅन्टची मागून चाळणी झाली. सर सांगतात, "मुलं हात जोडून उभी होती. मी हात पाठीमागे धरून उभा होतो. हेडमास्तरांनी खूण केली, हात जोडा. मी मान हलवली. त्यांनी परत खूण केली. मी परत मान हलवली."

"मग?"

"मग मी जोडले!"

त्या दिवसापासून सरांनी जोडीचा नाद सोडला. आम्ही त्यांना परीक्षक नेमलं.

*

कसले परीक्षक, तेही सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. बैलांना आराम, शेतकऱ्यालाही आराम. आमचा मुक्काम दरवर्षी करीच्या दिवशी प्रमोदच्या शेतात. सगळ्यांच्या जीपा ओळीत लावायच्या, बोनेटं उघडायची, आणि वर्षभरात ज्याची जोडी उत्तम चालली तिला झेंडूचा हार. बैलांचा मान झाला, मग हिचा का नको!

पहिला हार अर्थात माझा. आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोण्यानं मळतात. त्यांना सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी आपण रीतसर करू. करीच्या आदल्या दिवशी, पोळ्याच्या संध्याकाळी, घरून लोणी नेलं, हळद नेली आणि जोडीच्या दोन्ही टर्मिनलना चांगलं चोळलं. आवतनही दिलं.

माधुरी म्हणाली, "अहो, लोनी?"

मी म्हटलं, "टर्मिनलले ग्रीस लावतच असते. लोनी म्हंजे काय, घरचं ग्रीस!"

दुसऱ्या दिवशी करीला सगळे जमले. हार तयार. मी ऐटीत बोनेट उघडलं, स्वीच दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही. रफिकभाईंनी वाकून पाहिलं. लोणी साफ! लोण्याखालची वायर अर्धी साफ! आणि बॅटरीमागून एक उंदीर असा निवांत निघाला, जसं काही त्याला कालच आवतन होतं.

रफिकभाई म्हणाले, "भाऊ, मुक्या जनावराले जेवाले बोलावलं, तं ते येईनच ना."

हार त्या वर्षी प्रमोदच्या खऱ्या बैलाला घातला. माझी खुर्ची तेव्हापासून डगमगायला लागली.

*

आणि मग त्या दिवाळीत प्रमोद लिथियम घेऊन आला.

नदीकाठी पोचलो, मी नेहमीसारखा बल्ब काढतोय, तेवढ्यात हा आपल्या जीपचं मागचं दार उघडतो. आत लाकडी ड्रॉवर. ड्रॉवरवर फ्रीज! एवढासा, पण फ्रीज! आणि खाली एक पेटी. ती त्यानं एका हातानं उचलून दाखवली. एका हातानं! माझी उचलायला मला दुकानातला माणूस सोबत न्यावा लागतो.

"दिलीपभाऊ, हे पाह्य, मोबाईलवर दिसते किती चार्ज आहे ते. ब्यान्नव टक्के!"

मी म्हटलं, "आमच्या वेळी बल्ब चालू आहे का बंद, हे डोळ्यानं दिसायचं."

कोणी ऐकलं नाही. त्यानं फ्रीजमधून थंड ताक काढलं होतं. दिवाळीतही आमच्याकडे दुपारी ऊन भाजतं. राठोड सर उठले. रफिकभाई उठले. मग माझ्या डोळ्यांदेखत माझी बायको उठली, आणि नुसती उठली नाही, हाताची खुर्ची उचलून तिकडं घेऊन गेली!

पाच मिनिटांनी तिथून हाक आली, "अहो, या ना इकडं! एकटे काय करून राह्यले तिथं?"

"बल्ब पाहून राह्यलो!" मी ओरडलो.

मग गेलो. ताक प्यालो, दोन ग्लास. म्हटलं मीठ कमी आहे. कमी नव्हतं. माझ्या अंगाची अशी आग होत होती की तिसरा ग्लासही लागला असता, पण मागितला नाही. प्रमोदनं न मागता भरून दिला. त्याचा मला जास्त राग आला.

घरी येताना माधुरी म्हणाली, "किती चांगला मानूस आहे नाही प्रमोदभाऊ!"

मी गिअर इतक्या जोरात टाकला की दांडा हातात यायचा राहिला.

*

अशीच दोन वर्षं गेली, आणि तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या ट्रॅक्टर-बॅटरीनंही दम सोडला. तासाभरात बल्ब लाल, मग कोळशासारखा, मग बंद. मी ठरवलं, एकीला दुसरी जोडायची. मोठी करायची!

गावाबाहेर माझं पाच एकर शेत आहे. हरभरा उभा होता, आणि भोवती झटक्याची तार. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही पीक ठेवत नाहीत, म्हणून तारेत बारीक करंट सोडायची मशीन बसवतात. ती चालते बॅटरीवर. नवी कोरी बॅटरी! एका रात्रीचा तर प्रश्न. काढली, जीपमध्ये जोडली, माधुरीला सांगितलं नाही.

बल्ब चालला, पण चारच तास. रफिकभाईंनी नंतर समजावलं, म्हाताऱ्या बॅटरीला नवी जोडली की म्हातारी नवीला खाऊन टाकते. म्हाताऱ्या बैलासोबत गोऱ्हा जुंपल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी परत येताना शेतात डोकावलो. हरभऱ्याच्या मधोमध गालिचा अंथरल्यासारखं सपाट झालेलं. माधुरीनं तारेकडं पाहिलं, मशीनच्या रिकाम्या खोक्याकडं पाहिलं, मग जीपकडं पाहिलं.

"बल्ब किती वेळ चालला म्हने तुमचा?"

"चार तास."

"अन् डुकरं?"

मी वाकून तार तपासायला लागलो.

"सकाळलोक चालले ना? मंग पुढच्या टायमाले डुकरंच जोडा जीपले!"

*

शेवटी नाक मुठीत धरून रफिकभाईंकडं गेलो. म्हटलं, नवी जोडी बसवायची.

ते स्टार्टर खोलत होते. मान वर न करता म्हणाले, "चालवाचं काय काय आहे गाडीत?"

"बल्ब."

"अन्?"

"बल्बच."

"फ्रीज घेनार?"

"प्रमोदनं घेतला म्हनून मी कायले घेऊ?"

"मंग बॅटरी केवढी पाह्यजे?"

"प्रमोदच्या पेक्षा मोठी."

रफिकभाईंनी पाना खाली ठेवला. "एका बल्बाले? भाऊ, मंग बॅटरी कायले घेतो, बॅटरीचा फोटो लाव."

तरी मी रेटलं. म्हटलं, लिथियमच बसवा, पण बोनेटखाली, जिथं जुनी आहे तिथंच. रफिकभाई म्हणाले, "यवतमाळचा मे महिना, वरून इंजिनचा ताव, त्यात लिथियम? बिर्यानीले दम द्याचा आहे का?" तिला थंड जागा लागते, मागं ठेवावी लागते, चार्जरही वेगळा लागतो, साधा रिले चालत नाही. म्हणजे सगळं अगदी प्रमोदसारखं! आणि मी प्रमोदसारखं केलं की जन्मभर तो म्हणणार, दिलीपभाऊनं माझं पाहून केलं. म्हणणार नाही, पण मनात तरी येणारच. माझ्या आलं असतं.

मी उठलो. म्हटलं, "काही गरज नाही. माही जुनी काय वाईट आहे? जुनं ते सोनं!"

रफिकभाई बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. जीप चार दिवस ठेवून जा. जुनीचीच सेवा करतो."

चार दिवसांनी गेलो. जुनी बॅटरी पुसून चकचकीत केलेली. मागं बंपरखाली एक नवं सॉकेट बसवलेलं.

"हे काय?"

"ट्रॉलीसाठी."

"माह्याकडं ट्रॉली कुठं आहे?"

"येईन ना कधीतरी," रफिकभाई म्हणाले. "अन् आईक. ताडपत्री बांधल्याशिवाय बल्ब लावाचा नाही. दव पडते, बॅटरी बसते."

*

आणि काय सांगू! माझी जुनी बॅटरी अशी चालायला लागली की बोलायचं काम नाही. बल्ब संध्याकाळी लावला की उजाडेपर्यंत तसाच. लाल नाही, मंद नाही. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, एकदाही बंद पडला नाही.

मी मुद्दाम सकाळी उठल्यावर सगळ्यांसमोर बंद करायचो. "पाहा बुवा, विसरलोच होतो!"

दुकानात गिऱ्हाईकांनासुद्धा सांगत सुटलो. बॅटरी बदलू नका, सेवा करा. ताडपत्री बांधल्याशिवाय लाईट लावू नका. एक जण म्हणाला, माझ्या ट्रॅक्टरवर ताडपत्री कुठं बांधू? मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही पाहा.

प्रमोदसमोर तर मी मोकळाच सुटलो. त्याच्या मोबाईलवर सकाळी आकडा यायचा, कधी साठ टक्के, कधी पन्नास. राठोड सर कागद काढायचे. "प्रमोद, एवढा फ्रीज इतकी बॅटरी खाऊ शकत नाही. गणित जुळत नाही."

"फ्रीज जुना झाला सर," प्रमोद म्हणायचा.

"फ्रीज नाही, लिथियमच नाजूक!" मी म्हणायचो. "आमच्या जुन्या जोडीले पाह्य, काही टक्के नाही अन् बिक्के नाही. रातभर ढणाढण!"

"खरं आहे भाऊ," तो म्हणायचा, "जुनं ते सोनं." आणि ताडपत्री बांधायला निघून जायचा. ते एक त्याचं वेड होतं. ताडपत्री माझ्या दुकानातली, पण बांधायची त्यानंच. आधी दोघांच्या जीपा पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, मग वरून ताडपत्री ओढायची. तिच्या काठानं त्याची एक जाड काळी दोरी असायची, त्याच्या जीपपासून माझ्या बंपरपर्यंत. मी म्हणायचो, माझ्या दुकानात नायलॉनची चांगली दोरी पडलीय, ही कुठून आणली? तो म्हणायचा, "मजबूत आहे भाऊ, राहू दे."

मी मनात म्हणायचो, दोरीतसुद्धा याला माझ्याहून वेगळी पाहिजे!

पण खरं दुखणं तसंच होतं. बल्ब माझा रात्रभर चालायचा, आणि बैठक मात्र त्याच्या फ्रीजपाशी. दोन जीपा, मध्ये चार पावलं अंतर, आणि सगळे तिकडं! माझ्या बल्बच्या उजेडात ते त्याचं ताक प्यायचे. यापेक्षा अंधार बरा!

*

यंदाची कर. प्रमोदचं शेत. जीपा पाठीला पाठ, ताडपत्री बांधून झालेली, माझा बल्ब लागलेला. हाराची टोपली राठोड सरांपाशी.

लागोपाठ दोन वर्षं हार प्रमोदच्या लिथियमला गेला होता. पण यंदा सर हळूच म्हणाले, "दिलीपभाऊ, यंदा मला विचार करावा लागणार आहे. इतकी जुनी बॅटरी, आणि हे काम! विज्ञानात बसत नाही, पण डोळ्यांना दिसतंय."

झोपेतसुद्धा मी तो हार पाहिला होता. म्हटलं, आज खुर्ची परत येते!

तेवढ्यात माधुरी म्हणाली, "सर, प्रमोदभाऊनं सगळ्याईसाठी कुल्फी जमवली आहे फ्रीजमंधी. जेवन झाल्यावर काढनार आहे!"

"कुल्फी? शेतात?" सरांचा चेहरा असा उजळला की मी समजलो. कुल्फी निघाली की संपलं. कुल्फीपुढं विज्ञान टिकत नाही, माझा बल्ब काय टिकणार?

दिवस मावळत होता. प्रमोद सगळ्यांना गोठ्याकडं घेऊन गेला, बैलांची रंगवलेली शिंगं दाखवायला. मला म्हणाला, "चाल ना भाऊ." मी म्हटलं, पाय दुखून राह्यला.

सगळे तुरीच्या आड गेले आणि मी उठलो. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण म्हटलं, कोणाचं काय जाते? तासभर फ्रीज बंद राहील, कुल्फी जरा मऊ पडेल, हार हातात आला की परत लावून देऊ. प्रमोदच्या ड्रॉवरखालच्या पेटीचं झाकण उघडलं. सगळ्यांत मोठा दिसला तो फ्यूज धरला आणि ओढला.

फ्रीजची घरघर थांबली.

आणि माझ्या जीपवरचा बल्ब गेला.

मी झाकण लावलं. धावत माझ्या जीपकडं आलो, स्वीच खालीवर केला. काही नाही. बल्ब हलवून पाहिला. काही नाही. बंपरपाशी वाकलो, आणि ती काळी दोरी पहिल्यांदाच हाताला लागली. दोरी अशी कडक नसते. तिचं टोक ट्रॉलीसाठी बसवलेल्या त्या सॉकेटात गेलं होतं.

तेवढ्यात गोठ्याकडून प्रमोदची आरोळी आली, "अरे! दिलीपभाऊचा बल्ब गेला! रफिकभाई, या लवकर!"

तुरीतून पाणंदीनं सगळे पळत आले. प्रमोद सर्वांच्या पुढं, मोबाईलची टॉर्च लावून. स्वतःच्या जीपसमोरून तसाच पुढं आला, फ्रीजकडं पाहिलंसुद्धा नाही.

माधुरी म्हणाली, "प्रमोदभाऊ, तुमचा फ्रीजबी बंद दिसून राह्यला. कुल्फी!"

"कुल्फी जाऊ द्या वहिनी. आधी भाऊचा बल्ब पाहू. सर हार घालनार आहेत ना आता!"

मी उजवी मूठ पाठीमागे धरून उभा होतो. राठोड सर प्रार्थनेला उभे राहिले असतील, तसा.

रफिकभाई सावकाश आले. त्यांनी माझं बोनेट उघडलं नाही. बल्बकडं पाहिलं नाही, फ्रीजकडं पाहिलं नाही. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि हात पुढं केला.

"आन," ते हळूच म्हणाले.

मी मूठ उघडली. त्यांनी फ्यूज घेतला, खिशात हात घातल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "ढिल्ला झाला असन कुठं कनेक्शन. पाहतो." प्रमोदच्या जीपमागं गेले. पेटीचं झाकण वाजलं.

फ्रीज घरघरला. आणि त्याच क्षणाला माझ्या जीपवरचा बल्ब असा पेटला की माझ्या तोंडावर सगळा उजेड पडला.

प्रमोदनं टाळी वाजवली. "पाह्यलं सर? म्हनलं होतं ना म्या, जुनं ते सोनं! आना तो हार इकडं!"